डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

माननीय संपादक यांस,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की लहान संस्थांनी स्वतःचे सर्व्हर ठेवायच्या भानगडीत पडू नये, मेल असो की वेबसाइट, सगळं मोठ्या कंपन्यांकडे देऊन मोकळं व्हावं. पत्र चांगलं होतं, त्यातले दोन-तीन मुद्दे मला पटलेही, पण वाचल्यापासून ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय. मी मिरजेच्या बाजूला एका अनुदानित कॉलेजात कॉम्प्युटरचं सगळं बघते, सतरा वर्षं झाली, आणि त्यातली जवळजवळ तेरा वर्षं आमचा नेम सर्व्हर आणि मेल सर्व्हर आमच्याच लायब्ररीशेजारच्या खोलीत चालतोय. त्यामुळे हे ऐकीव नाही, रोजचं आहे.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही कॉलेजचं नाव टाइप करता तेव्हा ते नाव कुठल्या मशीनचं आहे, त्याचा नंबर काय, आणि या नावाला आलेलं मेल कुठल्या मशीनवर टाकायचं हे जगाला सांगणारा जो असतो तो नेम सर्व्हर. आणि ते मेल खरोखर घेऊन ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणारा तो मेल सर्व्हर. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि त्या गृहस्थांच्या पत्रात ती एकत्र झाली होती, माझं मुख्य म्हणणं तिथंच आहे. मेल कुणाकडे ठेवायचं यावर वाद होऊ शकतो, पण नाव आणि नावाचा ताबा संस्थेने कुणाला देऊ नये, कधीच देऊ नये.

आमचं काय झालं ते सांगते. २००७ च्या सुमारास कॉलेजची पहिली वेबसाइट झाली. गावातल्याच एका होतकरू मुलाने करून दिली, त्यानेच डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं कॉलेजचं नाव, घेतलं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, कारण तेव्हा आमच्या ऑफिसात कुणाला डोमेन म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. पुढे त्याने दुकान बंद केलं आणि नोकरीला बाहेर गेला. २०१२ च्या जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, सकाळी साइट उघडली तर तिथं जाहिरातींचं पान. मेल बंद. डोमेनची मुदत संपलेली, सूचनेचे मेल त्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर जात राहिलेले, तो पत्ता तो उघडतच नव्हता. जिथून डोमेन घेतलं होतं तिथं फोन केला तर ते म्हणाले मॅडम तुम्ही कोण, आमच्याकडे मालक म्हणून दुसरंच नाव आहे. त्यांचंही बरोबरच होतं. प्राचार्य सरांनी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र पाठवलं, त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण कागदोपत्री आमचं काहीच नव्हतं.

नऊ दिवस गेले. शेवटी त्या मुलाच्या मामाकडून त्याचा नंबर मिळाला, त्याने लगेच पासवर्ड दिला, दंडासकट पैसे भरून नाव सोडवलं. त्या नऊ दिवसांत मी आणि आमचे शिपाईमामा तेराशे माहितीपत्रकांवर तात्पुरत्या फुकटच्या मेल आयडीची चिठ्ठी गमने चिकटवत बसलो होतो, पंखा बंद करून, कारण पंखा लावला की चिठ्ठ्या उडायच्या. आणि त्या दिवसांत बाहेरून आलेली किती मेलं परत गेली त्याचा हिशोब आजपर्यंत कुणाला लागलेला नाही. परीक्षा केंद्राबद्दलचं एक पत्र त्यात होतं, ते नंतर फोनवर कळलं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने मदतच केली होती. पण संस्था स्टॅम्पपेपरवर, सातबारा बघून जमीन घेते, बोअरवेलचंही बिल फाइलला लावते, आणि ज्या नावाने जग आपल्याला ओळखतं ते कुणाच्या नावावर आहे हे पाच वर्षांत एकदाही बघत नाही, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं कारण आजही आसपासच्या संस्थांत हेच चालू आहे. मी ओळखीच्या पाच पतसंस्थांत आणि तीन शाळांत विचारलं, फक्त एका ठिकाणी नाव संस्थेचं निघालं.

नंतर आम्ही ईआरनेट या सरकारी संस्थेकडे अर्ज करून एसी डॉट इन हे शेपूट असलेलं नाव घेतलं. शिक्षणसंस्थांना ते नाव तिथूनच मिळतं, संस्थाप्रमुखांच्या सहीचं पत्र लागतं, आणि तो कागद लागतो हेच मला सगळ्यात आवडलं. जाता जाता सांगते, आज हे सगळं दिल्लीत असलं तरी आपल्या देशाचा डॉट इन हा विभाग आधी मुंबईत, जुहूला एनसीएसटी नावाच्या संस्थेत सांभाळला जायचा, २००५ पासून तो निक्सी या संस्थेकडे गेला. ऐंशीच्या दशकात देशातले सुरुवातीचे ईमेल ज्या जाळ्यावर गेले त्यातही ही संस्था आणि आयआयटी मुंबई होत्या. म्हणजे नावं आणि मेल स्वतः चालवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही, आपण ती मधेच सोडून दिली.

मग ठरवलं की नेम सर्व्हर आपणच चालवायचा. जुनं एक मशीन, त्यावर डेबियन ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर बाइंड हा नेम सर्व्हरचा प्रोग्राम, आणि एक स्टॅटिक आयपी, म्हणजे मशीनचा न बदलणारा नंबर. ऐकायला मोठं वाटतं पण नेम सर्व्हरचं काम मुळात एका साध्या मजकुराच्या फाइलवर चालतं, वहीत लिहावं तसं, डावीकडे नाव उजवीकडे उत्तर. अवघड आहे ते शिस्त पाळणं. त्या फाइलमध्ये पूर्ण नाव लिहिलं की शेवटी एक टिंब द्यावं लागतं. टिंब विसरलं की सर्व्हर समजतो नाव अर्धवट आहे आणि त्याच्यापुढे कॉलेजचं पूर्ण नाव स्वतःहून जोडतो, म्हणजे मेलच्या मशीनचं नाव कॉलेज डॉट एसी डॉट इन डॉट कॉलेज डॉट एसी डॉट इन असलं काहीतरी होतं, जे जगात कुठंच नसतं. पहिल्या महिन्यात माझ्याकडून हे झालं. टिंब दिलं, दुरुस्त केलं, तरी दिवसभर बाहेरून मेल येईना, कारण उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं याची मुदत मी ८६,४०० सेकंद म्हणजे पुरा एक दिवस ठेवली होती आणि चुकीचं उत्तर लोकांच्या सर्व्हरांनी तेवढा वेळ धरून ठेवलं. तेव्हापासून काही बदल करायचा असला की मी आदल्या दिवशीच ती मुदत ३०० सेकंदांवर आणते, आणि बदलानंतर फाइलच्या डोक्यावरचा क्रमांक वाढवला का ते दोनदा बघते, कारण तो वाढवला नाही तर दुसऱ्या नेम सर्व्हरला नवी फाइल आलीये हे कळतच नाही आणि निम्म्या लोकांना जुनं उत्तर मिळत राहतं, निम्म्यांना नवं.

दुसरा नेम सर्व्हर म्हणजे काय, तर एक बंद पडला तर उत्तर द्यायला दुसरा पाहिजे आणि तो दुसऱ्या ठिकाणी पाहिजे, दुसऱ्या गावात असेल तर फारच उत्तम. दोन्ही एकाच खोलीत ठेवून काय उपयोग, लाइट गेली की दोन्ही गेले. सगळे एकाच जाळ्यावर ठेवले की काय होतं ते साऱ्या जगाने बघितलंय. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम एकदम गायब झालं ते जवळजवळ सहा तास, आठवत असेल. त्यांचे नेम सर्व्हर त्यांचेच आहेत आणि त्यांच्याच जाळ्याच्या आत होते, देखभालीत एक कमांड चुकली, आतलं जाळं तुटलं आणि नेम सर्व्हरांपर्यंत जायचा रस्ताच जगाला दिसेना. यावरून कुणी म्हणेल बघा, स्वतःचं ठेवलं की असं होतं. तर २१ ऑक्टोबर २०१६ बघा. डाइन नावाच्या, दुसऱ्यांचे नेम सर्व्हर चालवण्याचाच धंदा करणाऱ्या कंपनीवर हॅक केलेल्या कॅमेऱ्यांच्या आणि तसल्या उपकरणांच्या फौजेने हल्ला केला, आणि ज्यांनी सगळं तिच्यावर सोपवलं होतं ते ट्विटरसारखे मोठेमोठे लोक तिच्याबरोबर बंद पडले. घरचं असो की बाहेरचं, सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की हेच होणार.

आम्ही यावर जे केलं ते सांगायला मला खरंच आनंद होतो. आमच्याकडे शेतात पैरा असतो, तुमच्या भांगलणीला आम्ही, आमच्या भांगलणीला तुम्ही, पैशाचा संबंध नाही. तसंच दीडशे किलोमीटरवरच्या एका कॉलेजातल्या सरांशी ठरवलं, आमची फाइल त्यांच्या सर्व्हरवर, त्यांची आमच्याकडे. दोन्हीकडून एक पैसा खर्च नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात आमच्याकडे लाइट आणि लाइन दोन्ही किती दिवस नव्हतं ते सांगली-मिरजेच्या माणसाला सांगायला नको, पण त्या सगळ्या दिवसांत आमच्या नावाला उत्तर त्यांच्याकडून जात होतं. मेल उतरवून घ्यायलाही त्यांनी एक जागा दिली होती, लाइन आल्यावर सगळं मेल एका रात्रीत आमच्याकडे आलं. मी त्या रात्री लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो ती नोंदवही, बघत बसले होते, एकेक ओळ सरकत होती आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यात विद्यार्थ्यांचे मेल होते, मॅडम तुम्ही सगळे ठीक आहात ना म्हणून विचारणारे.

आता मेल सर्व्हरचं. इथं त्या गृहस्थांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, मेल चालवणं नेम सर्व्हरइतकं सोपं नाही. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट हे मेलचे प्रोग्राम बसवायला दोन दिवस लागतात, पण आपलं मेल बाहेर कुणी घ्यावं यासाठी दोन महिने लागतात. आमचं पहिलं मेल जीमेलने परत पाठवलं ५५० नंबर टाकून, म्हणजे नाकारलं. कारण काय, तर आमच्या आयपीला उलटं नाव नव्हतं, म्हणजे नंबरावरून विचारलं की हे कोणाचं मशीन तर आमचं नाव यायला पाहिजे ते येत नव्हतं. ते नाव आपण लावू शकत नाही, इंटरनेट देणारी कंपनी लावते. तिथल्या हेल्पडेस्कला अकरा वेळा फोन केला, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाने सांगितलं राउटर बंद करून चालू करा. शेवटी लाइन दुरुस्तीला येणाऱ्या एका मुलाने आतल्या माणसाचा नंबर दिला, त्या माणसाने पाच मिनिटांत लावून दिलं. त्यावर एसपीएफ, डीकिम, डीमार्क ही नेम सर्व्हरच्या फाइलमधली तीन रेकॉर्डं, म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायचा हक्क कुठल्या मशीनला आहे, मेलवर आमची सही आहे का, आणि नसेल तर घेणाऱ्याने काय करावं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे अधिक कडक केलं, दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात. आमचं आधीपासून होतं म्हणून आम्हाला काही करावं लागलं नाही. बाहेर सगळं देऊन बसलेल्या एका संस्थेचं मात्र परीक्षेच्या वेळापत्रकाचं मेल स्पॅममध्ये जायला लागलं आणि दोन महिने कुणाला कळेना की हे रेकॉर्ड लावायचं कुणी, मेलवाल्याने, वेबसाइटवाल्याने, की डोमेन ज्याच्या नावावर आहे त्याने.

आणि वाईट रात्रीही येतात, ते लपवणार नाही. गणपतीच्या सुट्टीत एका प्राध्यापकांनी खोट्या पानावर पासवर्ड दिला आणि त्यांच्या खात्यातून कचरा मेल सुटायला लागलं. बाहेर जाणाऱ्या मेलची रांग वाढली की मला एसएमएस येतो, रात्री पावणेअकराला आला, स्कूटर काढून गेले, वॉचमनकाकांनी गेट उघडलं. रांगेत अकरा हजार मेलं. आधी सर्व्हर थांबवला, मग त्या खात्याची मेलं रांगेतून काढली, पासवर्ड बदलला. तरी सकाळपर्यंत आमचा आयपी कचरा मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेलाच आणि चार दिवस कॉलेजची पत्रं परत येत राहिली. तेव्हापासून एका खात्यातून तासाला २०० च्या वर मेल जात नाही अशी मर्यादा घातलीये आणि दर सत्राला स्टाफरूममध्ये खोटं पान कसं ओळखायचं ते मी स्वतः दाखवते. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशानंतर अशी घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, ते आम्ही ठेवतो. हे करायची तयारी नसेल, बघणारं माणूस नसेल, तर मेल घरात ठेवू नका, हे मी कुणालाही स्पष्ट सांगेन. चार माणसांच्या ऑफिसने तर नकोच. आम्हीसुद्धा विद्यार्थ्यांचे आयडी बाहेरच दिलेत, घरात फक्त स्टाफ आणि ऑफिस, दीडशेच्या आत खाती.

मग एवढा त्रास कशाला? एक प्रसंग सांगते. आमच्या एका मॅडमनी संशोधनाचा प्रस्ताव शेवटच्या दिवशी मेलने पाठवला, समोरच्या कार्यालयाने सांगितलं आलाच नाही, मुदत गेली. मॅडम रडकुंडीला आलेल्या. मी लॉग उघडला, त्या दिवसाची ओळ काढली, दुपारचे चार वाजून सतरा मिनिटं, त्यांच्या सर्व्हरचं नाव, आणि पुढे २५०, म्हणजे समोरच्याने मेल स्वीकारलं, आणि त्याने स्वतःच्या रांगेत दिलेला क्रमांकसुद्धा. ती एक ओळ प्रिंट करून, प्राचार्यांची सही घेऊन पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कडच्या माणसाने त्या क्रमांकावरून मेल शोधून काढलं आणि प्रस्ताव घेतला गेला. असा शोध मोठ्या कंपन्यांच्या सेवेतही घेता येतो हे मला माहीत आहे, पण घेता येतो हे माहीत असलेलं माणूस संस्थेत असावं लागतं, आणि सगळं बाहेर दिलं की पहिल्या वर्षी सर्व्हर जातो आणि दुसऱ्या वर्षी ते माणूस जातं.

आणि बाहेरच्यांच्या अटी बदलतात. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा दिली होती, २०२१ मध्ये सांगितलं की आता अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट, २०२२ पासून लागू. त्यांची सेवा, त्यांचा हक्क, पण ज्यांनी वर्षानुवर्षांचं तिथं साठवलं होतं त्यांची धावपळ झाली. त्याहून मोठं उदाहरण जुलै २०२५ चं. युरोपियन युनियनने निर्बंध लावले म्हणून मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीची सेवा बंद केली, मेलसकट. पैसे भरलेले असताना. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग काही दिवसांनी सेवा परत सुरू झाली. त्यांच्याकडे कोर्टात जायला वकील होते, आमच्यासारख्या कॉलेजने किंवा एखाद्या दूध संघाने कुणाकडे जायचं?

म्हणून मी म्हणते निदान नाव आणि नेम सर्व्हरचा ताबा घरात ठेवा. तो असला की मेल आज इथं उद्या तिथं नेता येतं, दोन-चार ओळी बदलायच्या फक्त. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचं मेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेलं, पण पत्ते सरकारचेच राहिले, उद्या तिथूनही हलवायचं झालं तर पत्ता बदलावा लागणार नाही. रिझर्व्ह बँकेने तर सगळ्या बँकांना बँक डॉट इन या नावाखाली यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, आपल्याकडच्या सहकारी बँकाही त्यात आल्या. नावाला एवढी किंमत आहे हे तिथं कळलं, आणि आमच्या तालुक्यातल्या कितीतरी कार्यालयांच्या दारावर अजून फुकटच्या मेलचा आयडी रंगवलेला आहे, साहेबांची बदली झाली की पासवर्ड साहेबांबरोबर जातो आणि नवे साहेब नवा आयडी रंगवून घेतात. जुन्या आयडीवर लोकांनी पाठवलेल्या तक्रारी, अर्ज, ते कोण वाचतं मग?

संस्थाचालकांना माझी एकच विनंती आहे, हे काम कुणाचं तरी नेमून द्या, कागदावर. प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांच्या गळ्यात रिकाम्या वेळचं काम म्हणून मारू नका, आणि दोघांना शिकवा. मी पुढच्या काही वर्षांत रिटायर होईन, म्हणून गेल्या वर्षीपासून ऑफिसातल्या एका ज्युनिअर क्लार्कला सोबत घेतलंय. बी.कॉम. झालेली मुलगी आहे, कॉम्प्युटरची डिग्री नाही, पण गेल्या महिन्यात मी रजेवर असताना तिने एकटीने फाइल बदलली, क्रमांक वाढवला, टिंब बघितलं आणि दोन्ही सर्व्हरांवरून उत्तर तपासून मला मेसेज केला.

आसपासच्या ज्या शाळा, कॉलेज, वाचनालय, पतसंस्था यांना दुसरा नेम सर्व्हर हवा असेल त्यांची फाइल आमच्याकडे ठेवायला प्राचार्य सरांनी परवानगी दिली आहे. पैसे नकोत, जमलं तर कधी आमची त्यांच्याकडे ठेवावी. येताना डोमेनचा पासवर्ड कुणाकडे आहे तेवढं विचारून या.

आपली,
एक वाचक, मिरज